नातवाने महाड बुडवलं

"बाई, ऐकलंत का? आमच्या पोराने महाड बुडवलं."

गडग्यावर वाळत घातलेली आमसुलं उलथीपालथी करत वैनींनी ही बातमी दिली. महाड बुडायचं म्हणजे जुलै लागतो, आणि आत्ता तर मे महिना चाललेला. मी केरसुणी भिंतीला टेकवून गडग्यापाशी गेले.

"कुठल्या पोराने?"

"डोंबिवलीच्या. सुट्टीला आलाय तो. आठवडाभर वहीतून डोकं काढत नव्हता. मला वाटलं अभ्यास करतोय, म्हणून रोज जास्तीचं दूध दिलं. बघते तर लढाई! दोन राज्यं, चार राजे, नावं अशी की उच्चारताना माझी कवळी खाली यावी. आणि नकाशा मात्र आपलाच. ही खाडी, हा डोंगर, ही वीरकडे जाणारी गाडी. तुमचं घरपण आहे, त्यावर बुरूज बांधलाय."

"माझ्या घरावर?"

"न्हाणीघराच्या वर. त्यात एक म्हातारी राहते, तिला सगळ्या राज्याच्या बातम्या सगळ्यांच्या आधी कळतात."

मी विषय लढाईकडे वळवला.

लढाईचं असं झालं होतं. पोराला पहिल्यांदा शत्रूवर डोंगर पाडायचा होता. नकाशात त्याने गावामागच्या डोंगराला फुली मारून ठेवली होती. वैनींनी ती पाहिली आणि खोडरबर पुढे केलं. "डोंगर पाडायचा नाही," एवढंच म्हणाल्या. पोराने का म्हणून विचारलं, तर गप्प बसल्या. मग त्याच्या आजोबांनी त्याला ओटीवर घेऊन 2005 चा जुलै सांगितला. 25 आणि 26 तारखेला पावसाने काय केलं, जुई, रोहण, कोंडिवते आणि आपलं दासगाव या चार गावांत डोंगर कसा उतरला. पोरगा ऐकून आला आणि फुली स्वतःच खोडली.

"मग म्हणाला, आजी, लढाई जिंकू कशाने? मी म्हटलं, माझ्याने सांगवत नाही, पण डोंगराने नको. तर त्याने पाणी धरलं."

आणि पाणी त्याने चांगलं धरलं होतं, हे मला कबूल करायला हवं. वही मी नंतर वाचली. शत्रूची गलबतं बाणकोटच्या तोंडातून भरतीबरोबर वर येतात. फौज वरच्या शहरात तळ ठोकते. शहराला नाव वेगळं दिलंय, पण दोन नद्यांच्या बेचक्यातलं ते शहर कुठलं हे न कळायला माणूस परप्रांतीच हवा. आपल्या बाजूचे लोक दासगावपाशी, खाडी अरुंद होते तिथे, दगडांनी भरलेले मचवे ओळीने बुडवतात. वर सह्याद्रीत पाऊस, सावित्री फुगलेली, गांधारी आणि काळ तिच्यात येऊन पडतायत, खालून भरती, आणि मधे ही भिंत. रात्रीतून शहर पाण्याखाली. चाळीस हजारांची फौज गेली. सकाळी राजाने गुढ्या उभारल्या. प्रकरण समाप्त.

"आता तुम्हीच सांगा बाई, हे काय वाईट आहे? मला तर आवडलं. दासगावने कधी काही जिंकल्याचं मी ऐकलं नव्हतं."

"जिंकलं नाही, पण देऊन टाकलेल्यांच्या यादीत होतं," मी म्हटलं. "1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना बाणकोट दिलं, त्याच्याबरोबर दासगावही गेलं. बाजारात भाजीवर कोथिंबीर देतात तसं."

"बघा! आणि पोराने निदान लढवलं तरी. पण रविवारी त्याची मावशी आली ना."

इथे वैनींनी आमसुलं सोडली आणि दोन्ही कोपरं गडग्यावर ठेवली. आता खरी गोष्ट येणार, हे मला कळलं.

मावशी महाडला बाजारपेठेत दिलेली. कापडाचं दुकान. 22 जुलै 2021 च्या पुरात त्या दुकानाचं काय झालं हे इथे सांगायची गरज नाही. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड येऊन माणसं गेली, आणि त्यानंतर स्वतःच्या दुकानाचं दुःख मोठ्याने सांगायची महाडकरांना लाजच वाटायला लागली. मावशीनेही कधी सांगितलं नाही. तिने वही हातात घेतली, पोरगा कौतुकाची वाट बघत उभा. तिने सगळी वाचली.

"मग?"

"मग काही नाही. विचारलं, गुढ्या उभारल्या त्या कशात रोवल्या?"

"म्हणजे?"

"चिखल होता ना सगळीकडे! पोरगा गप्प. मग म्हणाली, पाणी उतरल्यावर शहरात पहिल्यांदा कोण शिरलं? तो म्हणाला, राजा. तर ही हसली. म्हणाली, राजा नाही रे, साप. मग सांगत बसली त्याला. साड्यांचा गठ्ठा भिजला की चौघांना उचलत नाही. चिखल ओला आहे तोवर काढायचा, वाळला की कुदळ लागते. हिशेबाच्या वह्या दोरीवर वाळत घातल्या तर शाई सगळी खाली ओघळून आलेली, कुणाकडे किती येणं हे देवालाच माहीत. एवढं सगळं मला तिने पाच वर्षांत सांगितलं नव्हतं बाई! आणि जाताना म्हणाली, तुझ्या चाळीस हजारांत आमच्या गल्लीतले किती धरलेस ते मोजून ठेव."

"पोरगा रडला?"

"रडतोय कसला. रागावला. म्हणतो, कल्पनेतली लढाई आहे, कल्पनेत कुणी दुकान मांडत नाही."

त्यातून तो माझ्याकडे आला. म्हणजे वैनींनीच पाठवला. बाईंनी तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यांना विचार म्हणून. गडग्याच्या पडलेल्या दगडावर बसून त्याने मला सरळ विचारलं, खोट्या किल्ल्यावर आणि खोट्या लढाईवर पुस्तक लिहिलेलं चालतं का?

मी म्हटलं, न चालायला काय झालं? मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात ती रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड'. 1871 ची. 'विविधज्ञानविस्तारा'त येत होती. काळ शिवाजी महाराजांचा, आणि तो मोचनगड कुठल्याही नकाशात सापडत नाही. नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली 1913 मध्ये, त्यात तर अख्खी राज्यंच मनातली. तू काही पहिला नाहीस.

हे ऐकून त्याची छाती फुगली. मग तो म्हणाला, पण मला खरी लढाई सांगा, जिच्यात काही बनवलेलं नाही. मी म्हटलं, तुला आपल्या बाजूची सांगते. पोलादपुरात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे ना, त्यांची.

"सिंहगड! पिक्चर पाहिलाय. ती केवढी तोफ होती, नागीण!"

वैनी आतून ओरडल्या, "आणि घोरपड!"

तिथे माझ्यातली बाई जागी झाली. म्हटलं, आता एकेक करून बघू कुणी काय घातलं ते. सिंहगडची लढाई 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्रीची. कृष्णाजी अनंत सभासदाने ती लिहिली जिंजीला बसून, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, म्हणजे लढाईनंतर साधारण पाव शतकाने. त्याच्याकडे तोफ नाही. घोरपडही नाही. मावळ्यांपैकी दोघे कडा चढून जातात आणि बाकीच्यांना वर घेतात, बस. तानाजी आणि किल्लेदार उदेभान एकमेकांवर वार करून दोघेही पडतात, मग धाकटा भाऊ सूर्याजी फौज सावरतो. राजांना बातमी कळते, तेव्हा एक गड आला आणि एक गड गेला अशा अर्थाचं ते काही बोलतात. त्यात सिंह नाही. गडाचं नाव सिंहगड हे 1670 च्या आधीच्या कागदांतही सापडतं.

"मग घोरपड कुणाची?"

"तुळशीदास शाहिराची. त्याच्या पोवाड्यात. नाव यशवंती. पुढे हरी नारायण आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहिली, तिच्यात कमलकुमारी नावाचं पात्र आलं. 1923 मध्ये बाबूराव पेंटरांनी मूकपट काढला, त्यात ऐंशीच्या शेलारमामाचं काम विशीतल्या व्ही. शांतारामांनी केलं. दहा वर्षांनी त्याच शांतारामांनी प्रभातचा बोलपट केला. आणि 2020 मध्ये तुझी नागीण आली."

वैनी हात पुसत बाहेर आल्या होत्या. "म्हणजे आपल्या गल्लीसारखंच. सूनबाई माहेरी गेली एवढीच बातमी, संध्याकाळपर्यंत तिच्याबरोबर कपाटपण गेलेलं असतं."

"अगदी. पोवाड्यात तर जिजाऊसाहेब प्रतापगडावरून सिंहगड बघतात आणि महाराजांबरोबर सोंगट्यांचा डाव मांडून गड मागून घेतात."

"प्रतापगडावरून सिंहगड?" वैनींनी डोळ्यांवर हात धरला. "आम्हाला इथून वीर स्टेशन दिसत नाही पावसात."

पोराने एव्हाना निकाल लावून टाकला होता. पोवाडा खोटा, सभासद खरा. आणि हा निकाल मला पटेना, म्हणून मी त्याला पुढचं विचारलं. तानाजीच्या मुलाचं, रायबाचं, लग्न कुणी सांगितलं?

ते त्याला माहीत होतं. आधी लग्न कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं, शाळेत नाटकात म्हटलं होतं त्याने.

"ते सभासदाकडे नाही," मी म्हटलं. "सभासदाचा तानाजी हजारी सरदार आहे, कामगिरी घेतो, गड चढतो, पडतो. त्याला घर नाही. मांडव घातलेलं घर, अक्षता घेऊन निघालेला बाप, बरोबर निघालेला म्हातारा मामा, हे सगळं पोवाड्यातलं. घोरपड ज्याने घातली, लग्नघरही त्यानेच आणलं. लग्न त्या महिन्यात खरंच होतं की नव्हतं, याच्यावर मी पैज लावणार नाही. पण तो माणूस उमरठचा होता आणि त्याला कुणीतरी उमरठला परत आणलं, हे समाधी सांगते. मढे घाटाने देह खाली उतरवला असं लोक सांगतात. तो घाट तू पाहिलास तर कळेल, चार खांद्यांवर ओझं घेऊन तिथून उतरणं म्हणजे काय ते. कुठल्याही सिनेमात तो उतार नीट नाही."

पोरगा काही बोलला नाही. वहीच्या मागच्या पानावर त्याने 'उतार' असं लिहिलं, एवढं मी पाहिलं.

मग मात्र त्याने इंग्रजी पुस्तक काढलं, त्याचं आवडतं, अंगठीचं. त्यातल्या लढाया बघा, तिथे दुकानं नाहीत, म्हणाला. पुस्तक मी वाचलेलं नाही असं त्याला वाटलं होतं. मी म्हटलं, त्यातली दलदल आठवते? पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात ती? टॉल्किन 1916 मध्ये सोमच्या लढाईत सैनिक होता. ती दलदल काही अंशी त्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सवरून आली, असं त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय.

"म्हणजे त्यालाही चिखल माहीत होता," वैनी म्हणाल्या, आणि हा मुद्दा माझ्याआधी त्यांनी मांडला म्हणून मला जरा लागलंच.

जाता जाता पोराने विचारलं, आपल्या बंदरावर कुणी फौज घेऊन खरंच उतरलं होतं का? मी सांगितलं, 25 डिसेंबर 1927. डॉक्टर आंबेडकर. मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, वाटेत बोट बदलली आणि दुपारी दासगावला उतरले. तीन हजारांच्या आसपास माणसं इथे वाट बघत होती. इथून पाच मैल रांगेने चालत महाडला गेले.

"हत्यारं?"

"नव्हती."

"मग लढाई कशाची?"

"पाण्याची. चवदार तळ्याच्या."

"जिंकले?"

"त्याच वर्षी आधी मार्चमध्ये पाणी प्यायले, त्यावर दावा लागला. हायकोर्टाचा निकाल आला 1937 च्या मार्चमध्ये. जिंकले."

त्याने बोटांवर वर्षं मोजली. दहा वर्षांची लढाई वहीत मावणार नाही, म्हणाला. तरी नकाशात बंदरापासून वरच्या शहरापर्यंत त्याने ठिपक्यांचा रस्ता काढला. त्या रस्त्यावर कोण चालणार हे अजून ठरलेलं नाही.

आज सकाळी वैनी पुन्हा गडग्याशी. आवाज इतका खाली की मला पदर सावरत वाकावं लागलं.

"बाई, लढाई बदलली त्याने. मचवे बुडवायची वेळ येते, तर खाडीवरचा एक म्हातारा खलाशी राजाला सांगतो, वरच्या शहरात बाजाराचा दिवस आहे, उद्या बुडव. राजा म्हणतो, उद्या एवढी मोठी भरती नाही. आता तीन दिवस झाले, पोराचं पान पुढे जात नाहीये. मचवे तसेच उभे. राजाला जेवण जात नाही."

"अरे वा! मग पुढे?"

"पुढचं मी चोरून वाचलं, तुम्ही कुठे बोलू नका. शत्रूकडचा सेनापती मरतो, आणि त्याच्या जागी एक बाई येते. कापडाचं दुकान आहे तिचं. ती गठ्ठे सोडते आणि अख्ख्या शहराच्या साड्या एकमेकींना गाठी मारून माणसं माळ्यांवर ओढून घ्यायला लावते. नाव बदललंय, पण चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आहे, हनुवटीवर तीळ आहे. मावशीच ती, दुसरं कोण! आणि बाई, आमची बाजू हरायला लागलीय."

"हरू दे की."

"हरू दे काय? दासगाव आहे ते! मी त्याला सांगितलं, मावशीला जिंकव, पण आपला बंदरपट्टा तिला द्यायचा नाही. तर म्हणतो, आजी, तह बाईंच्या बुरुजावरच्या म्हातारीने करायचाय, बातम्या तिच्याकडेच असतात. तेव्हा आता तुम्ही बघा काय ते. आणि तहात आमच्या विहिरीचं नाव येऊ देऊ नका, आधीच उन्हाळ्यात तिला पाणी नसतं."