होम पोझिशन

फर्स्ट शिफ्ट सुटली की चाकणहून येणाऱ्या बसगाड्या मोशीत माणसं उतरवत जातात. त्यात एक काका हमखास असतात. गळ्यात आयकार्ड, हातात रिकामा डबा, खिशात दोन पेनं आणि सहा इंची पट्टी. सारी हयात क्वालिटीत काढलेला हा माणूस जगाकडे तपासणीला आलेला जॉब म्हणूनच बघतो. ताटात चपाती पडली की आधी गोलाई, मग भाजी. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आतले सगळे ओरडत होते. आमचे काका मात्र शांतपणे व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस करत होते. तिसऱ्या 'व्हाय'ला लिफ्ट आपणहून सुरू झाली, याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

तर असे हे काका पुतण्याच्या वाढदिवसाला मॉलमधल्या गेम झोनमध्ये गेले आणि नाचाच्या मशीनपुढे थबकले. समोर भलामोठा पडदा, खाली पावलांनी दाबायचे चौकोन, मागे धरायला दांडी. पडद्यावर खालून बाण वर सरकतात. वरच्या ठरावीक जागी पोचले की त्या क्षणी त्याच दिशेच्या चौकोनावर पाय पडला पाहिजे. लगेच निकाल: परफेक्ट, ग्रेट, गुड, बॅड, मिस.

"म्हणजे प्रत्येक पीसचं ऑनलाइन इन्स्पेक्शन!" काका गहिवरले. कंपनीत कुणी त्यांना दिवसभरात एकदाही परफेक्ट म्हटलेलं नाही.

घरी येऊन त्यांनी अभ्यास केला. या खेळाचा मूळपुरुष 'डान्स डान्स रिव्होल्यूशन', कोनामी कंपनीचा, 1998 सालचा, जपानी. जपानी म्हटल्यावर काकांनी मनातल्या मनात हात जोडले. कायझेनवाली माणसं उगाच नाचणार नाहीत. पण आपण बघितलं ते मशीन पाच चौकोनांचं होतं, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, म्हणजे 'पंप इट अप'. 1999 साली अँडामिरोनं आणलेलं, कोरियन. काकांचा चेहरा उतरला. मग त्यांना आठवलं की घरातला फ्रीज रांजणगावच्या एलजीचा आहे आणि अजून त्याची एक तक्रार नाही. कोरियाला सप्लायर म्हणून मंजुरी मिळाली.

पुढच्या रविवारी काका कार्ड रिचार्ज करून थेट मशीनवर चढले. सेफ्टी शूज घालून. काउंटरवरचा पोरगा धावत आला. "अंकल, शूज! खाली सेन्सर आहेत." काका उतरले, वाकून मशीनच्या चारही बाजू पाहिल्या आणि विचारलं, "कॅलिब्रेशनचं स्टिकर कुठंय?" पोराला हा प्रश्न नोकरी लागल्यापासून कुणी विचारला नव्हता.

पहिलं गाणं वीस-पंचवीस सेकंदांत संपलं. गाणं नव्हे, काका संपले. चुकांगणिक घटणारी पडद्यावरची पट्टी रिकामी झाली की मशीन खेळ आटपतं, हे त्यांना मान्य नव्हतं. निदान सेकंड ओपिनियन तरी घ्यायला हवं. शेजारी पाळीची वाट बघत असलेला नववी-दहावीतला मुलगा शेवटी बोललाच. "काका, तुम्ही प्रत्येक बाणानंतर मध्ये परत का येताय?"

"होम पोझिशन," काका म्हणाले. "सायकल पूर्ण झाली की रोबोसुद्धा होमला येतो."

"इथं नाही यायचं. पाय जिथं पडला तिथंच राहू दे. पुढचा बाण दुसऱ्या पायानं घ्या. उजवा, डावा, उजवा, डावा. परत येण्यात वेळ जातो."

एवढी वर्षं घर ते कंपनी, कंपनी ते घर करणाऱ्या माणसाला हे पचायला जड गेलं. पोरगं तिथंच थांबलं नाही. त्यानं बाणांचा वेग दुप्पट केला. काका हादरले. लाइनचा स्पीड वाढवला की रिजेक्शन वाढतं, हे त्यांनी तीन मॅनेजरांना लेखी दिलेलं आहे. "काका, गाणं तेवढंच फास्ट राहतं. बाण फक्त लांब लांब होतात, गर्दी कमी दिसते." काका क्षणभर पडद्याकडे बघत राहिले आणि एकदम ओरडले, "टॅक्ट टाइम तोच, पिच वाढवला!" मागे उभ्या असलेल्या दोन मुली दचकून एअर हॉकीकडे गेल्या.

त्यानंतर काका सुधारले. सगळ्यात सोप्या पातळीचं गाणं त्यांनी पुरं केलं. नाच मात्र त्यात शोधूनही सापडत नव्हता. कमरेपासून वर ते ऑडिटला उभे असल्यासारखे ताठ, कमरेखाली मात्र लाइन चालू. फ्रिजवर आता आलेख लागलाय: रविवारनिहाय मिस. काकूंनी त्याच चुंबकाखाली दुधाचं बिल लावून ठेवलंय, कारण काका आता तिथंच बघतात.

पण खरा प्रकार परवा झाला. नागेश्वर महाराजांच्या देवळात भजन होतं. काका दरवर्षी पावली खेळतात. टाळ-मृदंगाला रंग चढला, दोन्ही रांगा ठेक्यात पुढे गेल्या आणि ठेक्यात मागे आल्या. काका पुढेच राहिले. समोरच्या रांगेतल्या आजोबांच्या नाकाला नाक लावून, अत्यंत समाधानी चेहऱ्यानं, डावा-उजवा करत.

"अहो, मागे या की!" विणेकरी म्हणाले.

"गरज नसते, बुवा," काका म्हणाले. "वेळ जातो."