हिमनदीवर कोण कोण येणार, हात वर करा

एकत्र कुटुंबाला न भांडता आठवडाभर फिरवायचं असेल, तर क्रूझसारखी सोय नाही. आजोबा पहाटे उठून डेकवर फेऱ्या मारतात. नातू दुपारी उठून पिझ्झा खातो. सूनबाई स्पामध्ये असतात. मुलगा ऑफिसला ‘सुट्टीवर आहे’ असं सांगून केबिनमध्ये लॅपटॉप उघडतो, आणि आजी बुफेच्या रांगेत उभी राहून यांच्या चहाला चव का नाही याचा छडा लावत असते. कुणाला कुणाची परवानगी लागत नाही. रात्री सगळे एका टेबलावर जेवले की कुटुंब एकत्र फिरतंय, हे फोटोसकट सिद्ध होतं.

अलास्काच्या क्रूझवर ही व्यवस्था जुनो बंदरापर्यंत टिकते. जुनोला हिमनदी आहे. तिच्यावर गाइडबरोबर चालायला जाता येतं. आणि कोणी, कसं, किती वेळ चालायचं, हे एकत्र बसून ठरवावं लागतं.

आधी गावाची ओळख. जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नाही. बोटीने या, नाहीतर विमानाने या. वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास आणि एका मोसमात उतरणारे क्रूझप्रवासी सोळा लाखांच्या घरात. गर्दी फार झाली म्हणून २०२४पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, असं ठरलं. २०२६पासून सगळ्या जहाजांवरच्या मिळून रोज सोळा हजार आणि शनिवारी बारा हजार खाटा, अशी मर्यादा क्रूझ कंपन्यांशी बोलून घातली गेली. शनिवारी मोठं जहाजच नको, असाही प्रस्ताव ऑक्टोबर २०२४मध्ये मतदानाला आला. गावकऱ्यांनी तो पाडला. पाहुणे नकोत पण पाहुण्यांचं पाकीट हवं, ही अवस्था महाबळेश्वर आणि मालवणच्या मंडळींना समजावून सांगायची गरज नाही.

अमेरिकेतल्या मुलाकडे उन्हाळ्यात आलेल्या पुण्या-ठाण्याच्या आईबाबांच्या दृष्टीने मात्र पहिली चढण बर्फाची नसते, व्हिझाची असते. अमेरिकेत १८८६ साली एक कायदा झाला. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ नयेत, असा त्याचा मथितार्थ. क्रूझची बहुतेक जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली. त्यामुळे सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या जहाजाला वाटेत एक परदेशी बंदर गाठावंच लागतं. ते बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं आणि अनेकदा तिथे संध्याकाळचे चारदोन तासच मिळतात. मुलगा ग्रीन कार्डवर जातो, नातवाचा पासपोर्ट अमेरिकन असतो, आणि आईबाबांना त्या संध्याकाळसाठी कॅनडाचा व्हिझा काढावा लागतो. हाताचे ठसे, बँकेची कागदपत्रं, पेन्शनचा दाखला. अमेरिकन जहाजबांधणीच्या रक्षणासाठी आपला एवढा हातभार लागतोय, याची बाबांना कल्पनाही नसते.

व्हिझा आला की ‘अलास्का फॅमिली’ या ग्रुपवर हिमनदीची चर्चा सुरू होते. पर्याय भरपूर आहेत. पहिला: बसने मेंडेनहॉल हिमनदीच्या केंद्रापर्यंत जायचं, तळ्यापलीकडचा बर्फ पाहायचा, नगेट धबधब्यापर्यंत सपाट वाटेने चालून परत यायचं. दुसरा: हेलिकॉप्टरने थेट बर्फावर उतरायचं, त्यांनीच दिलेले बूट घालून अर्धा तास इकडेतिकडे करायचं आणि परतायचं. तिसरा: हेलिकॉप्टरनेच जायचं, पण बुटांना क्रॅम्पॉनचे पोलादी दात लावून, डोक्यावर हेल्मेट, कमरेला हार्नेस आणि हातात बर्फाची कुऱ्हाड घेऊन दोन-तीन तास चालायचं. चौथा: हेलिकॉप्टर नाहीच. तळ्याच्या पश्चिमेकडून जंगलातल्या वाटेने, ओल्या खडकांवर हातपाय टेकत, गाइडच्या मागे बर्फापर्यंत पोचायचं. यात अख्खा दिवस जातो. पाचवा: आधी नावेतून वल्ही मारत तळं ओलांडायचं आणि मग चालायचं. शिवाय बर्फावर कुत्र्यांची गाडी असते, ती नातीला हवी असते.

एवढी माहिती ग्रुपवर पडताच बाबा लिहितात, ‘आम्ही तरुणपणी पिंडारीला गेलो होतो, तेव्हा असले दात वगैरे नव्हते.’ पिंडारीची हिमनदी तेव्हापासून बरीच मागे सरकली आहे. बाबांची गोष्ट मात्र दरवर्षी थोडी पुढेच सरकते. यंदा तिच्यात हिमवादळ आलंय. आई एवढंच विचारते, ‘तिथे बाथरूम आहे का?’ तिच्या प्रश्नाकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि सबंध चर्चेत विचारलेला कामाचा प्रश्न तेवढाच असतो. कारण बर्फावर बाथरूम नसतं. सूनबाई गुगल शीट तयार करतात, त्यात ‘ॲक्टिव्हिटी लेव्हल’ नावाचा रकाना असतो. नातू अंगठा पाठवतो. तो कोणत्या पर्यायाला आहे, हे विचारायची हिंमत कुणाची होत नाही.

मग कुणीतरी ते वाक्य टाकतं. ‘आपण सगळ्यांना झेपेल असं काहीतरी बघू या.’

हे वाक्य वरून फार समंजस दिसतं. आत त्याचा हिशोब असा असतो: आजीचे गुडघे, नातीचं वय, सूनबाईंची उंचीची भीती, मुलाचं बजेट आणि बाबांचा अभिमान या सगळ्यांतून जे शिल्लक उरेल ते. उरतो पहिला पर्याय, बसचा. ज्याला बर्फावर चालायचं होतं त्याला बर्फ मिळत नाही. ज्याला जहाजावरच पुस्तक वाचत पडायचं होतं त्याला पावसात धबधबा मिळतो. कुणाचंच मन न ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडे लग्नाचा हॉल ठरवण्यापासून चालत आली आहे.

समजा, कुटुंब धाडसी निघालं आणि हेलिकॉप्टरवर एकमत झालं. तर पुढचा अंक वजनकाट्याचा. हेलिकॉप्टरचा तोल सांभाळायचा म्हणून प्रत्येकाचं वजन करतात, त्यावरून कोण कुठे बसणार ते ठरतं. ठराविक वजनाच्या वर जादा पैसे पडतात. जुनो येईपर्यंत जहाजावरच्या बुफेत दोन-तीन दिवस यथेच्छ झालेले असतात. आयुष्यभर वय आणि वजन ‘साधारण’ या शब्दात सांगत आलेल्या घराला आता आकडा द्यायचा असतो, तोही कपडे, बूट आणि कॅमेऱ्यासकट. मागच्या सीटवर कोण, पुढे पायलटशेजारी कोण, हे इथे वडीलधारेपणावर ठरत नाही. खिडकी आजोबांना द्यायची ही घरची रीत काटा मान्य करत नाही. ती बऱ्याचदा नातीला जाते.

मग पैशांची बाजू. हेलिकॉप्टरने जाऊन बर्फावर चालायला माणशी काहीशे डॉलर पडतात. बाबा त्याला ऐंशी-नव्वदने गुणतात आणि गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मुलगा शोधून काढतो की तीच सहल जहाजाच्या काउंटरऐवजी परस्पर घेतली तर स्वस्त पडते. खरं आहे. पण जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, नाहीतर पुढची सोय तरी करतं. परस्पर घेतलेल्या सहलीसाठी कुणी थांबत नाही. म्हणून धक्क्यावर शेवटच्या मिनिटाला जीव घेऊन पळणारी माणसं दिसतात आणि डेकवर उभे असलेले प्रवासी त्यांना टाळ्या वाजवून प्रोत्साहन देतात. चाळीस डॉलर वाचवणाऱ्याचं हे कौतुक आपल्या नातेवाइकांनीसुद्धा कधी केलेलं नसतं.

एवढा खल करून आपण जिच्यावर जाणार, ती बाई मात्र एका जागी थांबलेली नाही. मेंडेनहॉल ही जुनो आइसफील्ड या अफाट बर्फाळ पठारावरून उतरणारी, वीसेक किलोमीटर लांबीची हिमनदी. १९६२ साली तिच्यासमोर केंद्र बांधलं, तेव्हा बर्फ खिडकीपासून आजच्यापेक्षा कितीतरी जवळ होता. आता मधे तळं पसरलंय. बर्फ जितका मागे जातो, तितकं पायी त्याच्यापर्यंत पोचणं कठीण होतं, आणि हेलिकॉप्टरची मागणी वाढते. वितळणारा बर्फ संपायच्या आत पाहून घ्यावा म्हणून आपण इंधन जाळत त्याच्यावर उतरतो. धंद्याच्या दृष्टीने इतकी बिनचूक साखळी क्वचितच पाहायला मिळते. शिवाय २०११पासून हिमनदीच्या बाजूच्या एका खोऱ्यात साठलेलं पाणी जवळजवळ दर उन्हाळ्यात बर्फाखालून सुटतं आणि खालच्या वस्तीत शिरतं. ऑगस्ट २०२३मध्ये तर एक घर नदीने नेलं. २०२४च्या पुरात जवळपास तीनशे घरांचं नुकसान झालं. त्या लोकांना हिमनदी निवडायची नव्हती, तीच त्यांच्या दारात आली.

आणि हवामान? जुनोत वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. भोवतीचं टाँगस हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन, आणि ते वर्षावन आहे. धुकं उतरलं की हेलिकॉप्टर उडत नाही, पैसे परत मिळतात, आणि तीन महिन्यांची गुगल शीट एका मिनिटात निकालात निघते. त्या क्षणी बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो हिमनदीवर उतरूनही दिसला नसता.

पण समजा धुकं नाही, वजन बसलं, दारात गाडी आली. बर्फावर उतरल्यावर जे घडतं, ते पाहण्यासारखं असतं. तिथे गाइड असते, वय तेवीस-चोवीस, नातवापेक्षा थोडीच मोठी. ती सांगते, पाय रुंद ठेवा, तळवा सपाट टेका, मी जिथे पाय ठेवला तिथेच ठेवा, भेगेच्या काठावर जाऊ नका. पाणी ज्या भोकातून खोल गडप होतं, त्याच्यापासून लांब राहा. आणि बाबा ऐकतात! डॉक्टरांचं, मुलाचं, हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीचं, कुणाचंही न ऐकलेला माणूस निमूटपणे एका रांगेत चालतो. ती सांगते की लाल प्रकाश बर्फ शोषून घेतो म्हणून दाटलेला बर्फ निळा दिसतो, आणि बाबा चक्क ‘अच्छा’ म्हणतात. आई निळ्या ओघळातलं पाणी बाटलीत भरून घेते. ते देवघरात जाणार, हे गाइडला कळायचं काही कारण नाही. हे सगळं ‘सगळ्यांना झेपेल असं’ या यादीत नव्हतं, कारण त्यांना काय झेपेल हे बाकीच्यांनीच ठरवून टाकलं होतं.

म्हणून या सदराचा सल्ला असा. सहल चालवणाऱ्याला चार गोष्टी विचारा: प्रत्यक्ष बर्फावर किती वेळ, पायात काय मिळणार, वय आणि वजनाची अट काय, आणि उड्डाण रद्द झालं तर पैसे कधी परत. आईबाबांच्या प्रवासविम्यात असले प्रकार बसतात का, ते विमा कंपनीला विचारा. आणि घरातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून एकच प्रश्न विचारा: ‘बाकी कुणीच आलं नाही, तर तू जाशील का?’ हो म्हणतील त्यांची तिकिटं काढा. नाही म्हणतील त्यांना जहाजावर पुस्तक, चहा आणि शांतता द्या. कुटुंब एक दिवस फुटलं तर काही बिघडत नाही, संध्याकाळी जेवायला एकाच टेबलावर बसायचं असतं.

ज्या घरात हा प्रश्न विचारायची सोय नाही, त्यांनी बसच घ्यावी. धबधब्याची वाट सपाट आहे, बाथरूम जवळ आहे, आणि फोटोत सगळे येतात.