वराहपाकाची दरखास्त

कोल्हापुरातील रस्सा मंडळापुढे मांडलेली दरखास्त सहसा नामंजूर होत नाही, कारण सभासदांचे लक्ष वक्त्यापेक्षा हंड्याकडे अधिक असते. तथापि आमच्या वकीलमित्रांच्या अमेरिकावासी भाच्याने जमिनीत खड्डा खणून त्यात अख्खे डुक्कर भाजण्याची तजवीज सुचविली, तेव्हा मात्र शेतातल्या आंब्याखाली बसलेली ती मंडळी, आणि कांदा चिरणारा आमचा आचारी, एकाच वेळी स्तब्ध झाली. हा भाचा नॉर्थ कॅरोलिना प्रांती नोकरीस असून, सबंध डुक्कर निखाऱ्यांवर रात्रभर भाजून त्यावर मिरची घातलेला सिरका शिंपडणे हे तिकडे जवळजवळ कुळाचाराप्रमाणे पाळले जाते.

आक्षेप निघाला तो प्रतिष्ठेचा. आमच्याकडे रानडुक्कर हे पराक्रमाचे अन्न आणि गावडुक्कर हे नावही न घेण्याजोगे. वास्तविक दोघांचे कूळ एकच, भेद एवढाच की एक भाल्यास सामोरे जाते आणि दुसरे नगरपालिकेस. पण शाहू छत्रपतींच्या काळातली शिकार आता राहिली कोठे? नव्या राजवाड्यातील संग्रहालयात त्या राजघराण्याने टिपलेली श्वापदे पेंढा भरून उभी आहेत, आणि त्यांच्याकडे पाहताना, पेंढ्याऐवजी मसाला भरला असता तर, असा विचार ज्याच्या मनात येत नाही तो करवीरकर नव्हेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर राधानगरी-भुदरगडकडचा शेतकरी उसात शिरलेल्या रानडुकराचा फार तर पंचनामा करवितो. पंचनाम्यावर भाकरी खाता येत नाही. तेव्हा पाळीव डुकरावाचून गत्यंतर नव्हते.

त्याला शास्त्राधार शोधण्याची कामगिरी मजकडे आली, आणि तो मिळालाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात वराहाच्या अंगावर पांढरे वस्त्र पसरून वर उकळते पाणी ओतावे म्हणजे केस सुटतात, किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर ते जाळावेत, आणि मग तो भाजावा, असा विधी दिला आहे. कोल्हापूरचे शिलाहार हे याच चालुक्यांचे मांडलिक, हे मी निदर्शनास आणताच, प्रकरण केवळ खाद्याचे नसून इतिहासाचे आहे असे ठरून दरखास्त एकमताने मंजूर झाली.

खड्ड्याचा अधिकार मात्र इतिहासकाराकडे नव्हे, तर शेजारच्या गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालण्यात ज्याचे आयुष्य गेले त्या वृद्ध गृहस्थाकडे गेला. निखारे सारीत रात्रभर बसण्याची कॅरोलिनी रीत त्याने पहिल्याच झटक्यात बरखास्त केली. मग भाच्याने हवाई बेटांची रीत सांगितली: खड्ड्यात लाकडे पेटवून त्यात दगड लाल होईतो तापवायचे, त्यांवर केळीचे चेचलेले खुंट पसरायचे, वर जनावर, वर पाने, वर ओली पोती, आणि शेवटी माती, की आतल्या आत वाफ कोंडून चिवट मांस तासन्‌तास मऊ होत राहावे. दगड तेथलाही आपल्यासारखाच ज्वालामुखीचा काळा. म्हाताऱ्याने मान डोलावली, पण सभासदांनी हौसेने पंचगंगेच्या पात्रातून आणलेले गुळगुळीत गोटे पाहताच तो कडाडला, “नदीचा धोंडा जाळात घालतासा व्हय? आतलं पाणी तापलं की बंदुकीगत फुटंल, डोळा जाईल कुणाचा तरी!” गोटे परत गेले आणि बांधावरचे कोरडे दगड आले.

विस्तव शनिवारी संध्याकाळी पेटला. मारुतीचा वार पाळणाऱ्यांनी केवळ पेटविण्यास हात लावला तर बाध येतो काय, या प्रश्नावर बराच खल होऊन, वास घेणे हे खाणे नव्हे, असा निवाडा एका निवृत्त फौजदारांनी दिला; त्यांच्या साऱ्या नोकरीत इतका लोकप्रिय निवाडा त्यांनी दिला नसावा.

रविवारी दुपारी माती ओढली, पोती उचलली, आणि मांस हाडापासून आपखुशीने सुटत असलेले ते डुक्कर बाहेर निघाले. मी निःपक्षपातीपणे सांगतो, ते उत्कृष्ट होते. सर्वांनी खाल्ले, भाच्याची पाठ थोपटली, आणि मग पंगतीत जी शांतता पसरली ती तृप्तीची नव्हती. अखेर टोकाला बसलेल्या एका पैलवानाने वाटी पुढे सरकवून विचारले, “सगळं झॅक हाय पाव्हणं, पर रस्सा कुठं हाय?”

भाच्याने सिरक्याची बाटली पुढे केली. पैलवानाने ती उजेडाकडे धरून पाहिली आणि आदरपूर्वक परत दिली. तेवढ्यात गोठ्यामागून आमचा आचारी दोन हंडे घेऊन आला, एकात तांबडा, एकात खोबऱ्याच्या दुधाचा आणि खसखशीचा पांढरा. परदेशी बेतावर विश्वास नसल्यामुळे त्याने पहाटेच एक बोकड परस्पर मार्गी लावला होता. त्यानंतर त्या वराहाची चौकशी फारशी कोणी केली नाही.

तेव्हा कोल्हापुरात ज्या कोणास असा खड्डा खणण्याची इच्छा होईल त्याने तो अवश्य खणावा. फक्त अगोदर आचाऱ्यास भेटून रश्श्याच्या मटणाचा आकडा मुक्रर करावा, आणि माणशी तीन वाट्यांहून कमी धरू नये.