पाच मिनिटांच्या धन्यास

परळ, लालबाग, काळाचौकी आणि पंचक्रोशीतील रिकाम्या खोल्यांचे आश्रयदाते, श्रीमान एजंटसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा पहाटे चारला आपला व्हॉट्सॲप निरोप मिळाला. जोडलेले हात तीन, गुलाब एक, आणि मजकूर असा : ‘मॅडम 11 महिने पूर्ण. रिन्युअल ब्रोकरेज 1 महिना भाडं.’ त्या वेळी मी एका आजोबांच्या मनगटात एबीजीच्या रक्ततपासणीसाठी धमनी शोधत होते, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. राग मानू नये. पहाटे चारला जागी असणारी माणसं या शहरात दोनच, एक तुम्ही आणि एक मी, हे कळून आपुलकी मात्र वाटली.

पत्र खुलं आहे त्याचं कारण वाईट वाटून घेऊ नका. गावाकडच्या कॉलेजातून एमबीबीएस करून, पीजीची सीट मिळाल्याच्या आनंदात दोन बॅगा घेऊन दादरला उतरणारी नवी बॅच दरवर्षी येते. तुमची ओळख त्यांना आयती व्हावी. मला ती व्हायला एक महिन्याचं भाडं पडलं होतं.

सर्वप्रथम पाच मिनिटांबद्दल आभार.

‘मॅडम, हॉस्पिटल पाच मिनिटं. चालत!’ हे तुमचं वाक्य मी अजून विसरले नाही. मी उदगीरची, त्यामुळे दोन किलोमीटर म्हणजे दोन किलोमीटर असतात असा माझा खेडवळ समज होता. तुम्ही तो प्रयोगानिशी खोडून काढलात. रविवारी दुपारी अडीच वाजता मला ॲक्टिव्हावर मागे बसवलंत, एक सिग्नल लालमध्ये, एक गल्ली उलट्या दिशेने, आणि रुग्णालयाच्या फाटकापासून थेट खोलीखाली. घड्याळ दाखवलंत. पाच नव्हे, साडेचार! पायांनी तेच अंतर चोवीस मिनिटांचं आहे, पण तो दोष पायांचा.

मी हिशेब मांडला आहे, तुम्हालाही हिशेब आवडतो म्हणून कळवते. जाऊन येऊन दहा मिनिटं कबूल होती, लागतात अठ्ठेचाळीस. रोजची 38 मिनिटं वर. इमर्जन्सी ड्युटीच्या रात्री मी घरी जातच नाही, तेव्हा महिन्याचे वीसच दिवस धरले. होतात 12 तास 40 मिनिटं. ही वेळ मी जेवणातून काढू शकत नाही, ते आधीच वॉर्डाच्या बाकड्यावर चार मिनिटांत होतं. राउंडमधून काढू शकत नाही. तेव्हा ती झोपेतून जाते. म्हणजे दरमहा माझी 12 तास 40 मिनिटं झोप तुमच्याकडे जमा होते आहे. डिपॉझिट म्हणूनच धरली असणार. खोली सोडताना परत मिळेल ना? रंगकामाचे पैसे कापून चालेल.

भूगोलातल्या तुमच्या योगदानाबद्दल बोलावं तेवढं थोडं. लोअर परळला अप्पर वरळी म्हणणारे बिल्डर तुमच्यापुढे पोरं आहेत. काळाचौकीला ‘परळच, फक्त जरा आत’ म्हणायला छाती लागते. खोलीवरच्या पोटमाळ्याला तुम्ही डुप्लेक्स म्हणालात, तेव्हा मी वर चढून पाहिलं होतं. उभं राहता येत नाही. पण डुप्लेक्समध्ये उभं राहावं असं कुठे लिहिलंय?

या खोलीआधी तुम्ही दोन जागा दाखवल्यात, त्याही आठवतात. पहिली हिंदमाताजवळ, तळमजला. भिंतीवर गुडघ्याच्या वर एक तपकिरी रेघ, चारही बाजूंनी सरळ, जणू फुटपट्टीने मारलेली. मी विचारलं, ही कसली? ‘डिझाइन आहे, मॅडम.’ पावसाळ्यात हिंदमाताचं पाणी उभ्या महाराष्ट्राला टीव्हीवर दिसतं, उदगीरलाही दिसतं. तरी मी काही बोलले नाही. तुमचं मन मोडवेना.

दुसरी प्रभादेवीला, रुळांच्या पलीकडे. ‘पूल उतरलात की हॉस्पिटल.’ ती माझ्या बॅचमेटने घेतली. 2025 च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा तो जुना पूलच पाडण्यासाठी बंद झाला. आता तो बिचारा पूल न उतरताच येतो. तुम्हाला दोष देत नाही. पूल तुम्ही थोडाच पाडलात. तुम्ही फक्त त्याच्या भरवशावर दोन हजार जास्त घेतलेत.

आता जरा वेगळं. ही खोली पक्की करताना जिन्यात एक जोडपं उभं होतं, आठवतं? तुम्हाला आठवणार नाही. त्यांच्यासारखे रोज येतात. परळमध्ये टाटा रुग्णालय 1941 पासून आहे आणि तेव्हापासून देशभरातली माणसं आजार घेऊन इथे उतरतात. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा आहे, नाना पालकर स्मृती समितीचं सदन आहे, तिथे नंबर लागला तर ठीक. नाही लागला तर फूटपाथ आहेच, नाहीतर तुम्ही आहात. त्या माणसाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली फाईल होती. बायकोच्या डोक्याला स्कार्फ. ती पायरीवर बसली होती आणि कठड्याला गाल टेकून डोळे मिटले होते. तो हिंदीत सांगत होता की रोजाने द्या, सहा केमो आहेत, तेवढ्यापुरतं.

तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि माझ्या भल्याचा सल्ला दिलात. ‘लगेच टोकन द्या, मॅडम. रोजावर ही पार्टी जास्त देते, पण मी तुम्हालाच देणार. पेशंटचा भरवसा नसतो. डॉक्टर तीन वर्षं पक्का.’

किती खरं बोललात! वर्षभरात माझ्या प्रोफेसरांनी प्रोग्नोसिस इतक्या नेमकेपणाने सांगितलेला मी ऐकला नाही. मी टोकन दिलं. पाच हजार, गुगल पेवरून, त्याच जिन्यात, त्या बाईच्या दोन पायऱ्या वर उभी राहून. तुम्ही फक्त खोली दाखवलीत. ते पैसे मी दिले. एवढ्या एका गोष्टीत आपण भागीदार आहोत, त्यातलं कमिशन मागणार नाही.

असो. भाचेपणाबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची राहिलीच.

खोली पागडीची. आपले मालक स्वतःच भाडेकरू, ते बदलापूरला राहतात, आणि खरे मालक म्हणजे ज्यांची चाळ आहे ते, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. म्हणून तुम्ही म्हणालात, ‘कोणी विचारलं तर सांगा, मालकांची भाची.’ मुंबईत माझं कोणी नव्हतं, तुम्ही एका वाक्यात मामा मिळवून दिलात. मामांचं नाव सांगायचं तेवढं विसरलात.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मावशी चहा घेऊन आल्या. ‘भाची का? थोरल्या बहिणीची की धाकटीची?’ मी म्हटलं, धाकटीची. मावशी शांतपणे बशी खाली ठेवून म्हणाल्या, ‘त्याला बहीण नाहीये, बाई. चार भाऊ आहेत.’ मग कप माझ्याकडे सरकवला. ‘पी. गार होईल. आधीची पण भाचीच होती. फिजिओ.’

तेव्हापासून गॅलरीतले सगळे मला भाची म्हणतात, आणि इमर्जन्सी संपवून तीस-बत्तीस तासांनी मी दाराला कडी लावते न लावते तोच भाचीकडे साखरेचे रिपोर्ट येतात. यासाठीही तुमचेच आभार. घरबसल्या ओपीडी प्रत्येकाच्या नशिबात नसते.

‘पाणी चोवीस तास’ हेही तुम्ही पाळलंत. नळाला ते पहाटे साडेचारला येतं, सहाला जातं. त्यानंतर चोवीस तास पिंपात असतं. साडेचारला मी एकतर वॉर्डात असते किंवा मेल्यासारखी झोपलेली. पिंप मावशी भरतात. मोरीच्या खिडकीतून पाइप आत सोडतात, वर झाकण घालतात, आणि बदल्यात दर रविवारी बीपी बघायला दंड पुढे करतात. रुपयाचा व्यवहार नाही की ब्रोकरेज नाही. या धंद्याकडे तुमचं लक्ष कसं गेलं नाही याचं नवल वाटतं.

गणपतीतलं सांगू का? नको, थोडक्यात सांगते. काळाचौकीहून परळला जायला मध्ये लालबाग लागतं, हे ॲक्टिव्हावर असताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दहा दिवसांत तिथून गळ्यात ॲप्रन टाकून वाट काढणं म्हणजे काय, हे गिरगावात राहणाऱ्यालाही कळणार नाही. चौथ्या दिवशी सकाळी सातला एका कार्यकर्त्याला ओळखपत्र दाखवलं, म्हटलं डॉक्टर आहे, सोडा. तो अदबीने म्हणाला, ‘या ना ताई,’ आणि बांबूंच्या मधून मला आत सोडलं. ती मुखदर्शनाची रांग होती. मागे वळायला जागा नाही. राउंडला सव्वा तास उशीर. सरांनी माझ्या कपाळावरचा गुलाल पाहिला आणि सगळ्या युनिटसमोर विचारलं, ‘काय मागितलंस?’ खोटं कशाला बोलू, हॉस्टेलची रूम मागितली होती.

हो, हॉस्टेल. तुमच्या धंद्याचा खरा आधारस्तंभ. पदव्युत्तर शिक्षणाच्या 2023 च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की महाविद्यालयाने आम्हा विद्यार्थ्यांच्या राहण्याची योग्य सोय करणं बंधनकारक आहे. मात्र विद्यार्थ्याने हॉस्टेलमध्येच राहणं सक्तीचं नाही. आमच्याकडे दुसरं वाक्य तंतोतंत पाळलं जातं. दोघांच्या खोलीत चौघी, त्यातल्या एकीची गादी कपाटाखाली सरकते, आणि पाचवीला कोणीही सक्ती करत नाही. 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला साधारण 48 तास काम लिहिलंय. सोमवारी सुरू केलेले माझे 48 तास बुधवारीच संपतात, मग उरलेला आठवडा मी हौसेने येते. असे नियम आहेत म्हणून तर तुमच्यासारख्यांचं बरं चाललंय. देव त्या नियमांना उदंड आयुष्य देवो.

एका गोष्टीसाठी मात्र मनापासून धन्यवाद. खरंच, यात तिरकं काही नाही. मी करारपत्र मागितलं तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, ‘पागडीत कसलं ॲग्रीमेंट, मॅडम? जबान आहे ना आपली!’ डिपॉझिटची पावतीसुद्धा दिली नाहीत. मी तेव्हा रडकुंडीला आले होते. परवा तुमचा निरोप मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला दाखवला. ती वकील झाली आहे. तिने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 उघडला, कलम 55 वर बोट ठेवलं, आणि बराच वेळ हसत बसली.

तुमच्या माहितीसाठी : लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्याची, म्हणजे माझ्या मामांची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामांना बदलापूरहून आणावं लागेल, त्यांची बहीण असती तर तिला वाईट वाटलं असतं.

पण गंमत पुढेच आहे. असा करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत जागेत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरायचं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. माझं म्हणणं असं की आपल्यात एकच अट ठरली होती. हॉस्पिटल पाच मिनिटं. चालत. उलट सिद्ध करायची संधी तुम्हाला आहे. मावशी घड्याळ घेऊन गॅलरीत बसायला तयार आहेत, आणि ॲक्टिव्हा चालणार नाही.

खोली मी सोडत नाही. नवी शोधायला सुट्टी लागते, आणि पिंप भरणाऱ्या मावशी तुमच्या यादीत नाहीत. शिवाय तुम्हीच म्हणालात, डॉक्टर तीन वर्षं पक्का.

ब्रोकरेजचं म्हणाल तर मी पाकिटात घालून ठेवलं आहे, शिवाय एक कोरं करारपत्रही. ऑनलाइन पाठवत नाही, तुमच्यासारख्या माणसाची प्रत्यक्ष भेट व्हावी अशी इच्छा आहे. गुरुवारी माझी इमर्जन्सी आहे, तेव्हा या. कॅज्युअल्टीच्या बाहेर बाकडं आहे, पण त्यावर जागा मिळणार नाही. खाली भिंतीला टेकून बसा, सगळे तसेच बसतात. सिस्टरना नाव सांगा, त्या मला निरोप देतील. फार थांबावं लागणार नाही.

पाच मिनिटांत येते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपली,
मालकांची भाची
(धाकट्या बहिणीची)