ताई, इथे फक्त एक सही!

"काकू, चकल्या उरल्यात का? आमच्याकडे भाऊबीज उजाडायच्या आधीच डबा खडखडीत."

"उरल्यात थोड्या, वाटी दे इकडे. आणि हळू बोल, पलीकडे ऐकू जातं. वरच्या आळीतलं कळलं का गो तुला?"

अर्धवट कळलं होतं. पण गडग्यावरच्या गप्पांत आपल्याला काही ठाऊक आहे हे कबूल करायचं नसतं. मी म्हटलं, "नाही बाई, काय झालं?"

काकूंनी खराटा टेकवून ठेवला. म्हणजे प्रकरण मोठं होतं.

"अगो, बहीण आली ओवाळायला. चिपळूणला दिलेली. ओवाळून झालं, भावानं तबकात पाकीट ठेवलं आणि पाकिटाखाली कागद. हक्कसोडपत्र! म्हणे, 'ताई, इथे फक्त एक सही. परवा रजिस्टर करून घेऊ, तेवढी थांब.'"

"ओवाळणीच्या तबकात?"

"हो तर! निरांजन तेवतंय अजून, कागदाच्या कोपऱ्याला कुंकू लागलंय. पण तिनं आवाज चढवला नाही हो. पर्समधून चष्मा काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसली. गट नंबर, कलमं, घर, विहिरीतला हिस्सा. भाऊ म्हणतो, 'एवढं काय वाचतेस, वकिलानं केलंय.' ती वाचतेच आहे. शेवटी विचारते, 'हक्क सोडणारांत आईचंही नाव आहे. आई सगळं सोडणार, मग तिला बघणार कोण, ते कुठल्या पानावर लिहिलंय?'"

"अगंबाई! मग?"

"मग काय, भावजय आत गेली आणि स्वयंपाकघरात भांडी बोलायला लागली."

मी वाटीतली चकली मोडली. म्हटलं, "बरोबरच विचारलं की तिनं. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या वाट्यात बायको, मुलगा, मुलगी सगळे सारखे वारस. आणि वडिलोपार्जित जमिनीत तर 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क आहे."

"आपल्याकडे त्याच्याही आधी काहीतरी झालं होतं ना?"

"1994 साली. पण त्यात मेख होती, आधी लग्न झालेल्या मुलींना तो कायदा लागू नव्हता. 2005 च्या कायद्यात ती अट नाही. तरी वाद राहिलाच, की तेव्हा वडील हयात असायला हवे होते का. 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नसले तरी चालेल. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल, तर ते उकरून काढता येत नाही."

काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "माझं लग्न 1994 च्या कितीतरी आधीचं. पण माझीही सही घेतली होती हो दादानं, वडील गेल्यावर. मला कोणी कायदा सांगितला नाही, मीही विचारला नाही. एक इरकली लुगडं मिळालं. आनंदानं केली सही. माहेर राहावं, एवढंच मनात."

"राहिलं का?"

"दादा होता तोवर राहिलं. आता भाचे मुंबईला. घराला कुलूप. गणपतीत उघडतात, पण मला बोलावणं नसतं. जमिनीचं नाही गो वाईट वाटत, मला ती काय करायची होती? त्या दिवशी 'तुला काय वाटतं' एवढं जरी विचारलं असतं ना कोणी, तरी मी सहीच केली असती."

मला काय बोलावं कळेना. काकूंनीच विषय वळवला.

"पण भावाचीही बाजू आहे हं. तो इथे राहिला. कलमांना फवारण्या त्यानं केल्या, राखण त्यानं केली, वडिलांना रात्री-अपरात्री रत्नागिरीला त्यानं नेलं. सातबारावर पाच नावं असली की कर्ज काढताना पाच जणांच्या मागे हिंडावं लागतं. बहीण चार दिवस येते आणि आंब्याची पेटी घेऊन जाते, असं त्याला वाटलं तर नवल नाही."

"मग हे त्यानं तोंडानं बोलावं. तबकाखाली का सरकवावं? आणि काकू, आईवडिलांना सांभाळायची जबाबदारीही आता फक्त मुलाची नाही. 2007 च्या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांनाही धरलंय. हक्क घेणारीनं औषधांच्या बिलाकडेही बघायला हवं."

"तेच केलं की तिनं! तुला पुढचं कुठे सांगितलंय? संध्याकाळी आईच मधे बसली. म्हणाली, 'मी जिवंत आहे तोवर कोणीही काहीही सोडायचं नाही.' वारसनोंदीला सगळ्यांची नावं लागणार. कलमांचं उत्पन्न राबतो त्याला. आईच्या औषधपाण्याचा निम्मा खर्च ताई देणार, आणि मे महिन्यात महिनाभर आई चिपळूणला."

"आणि भाऊ?"

"दोन दिवस फुगून होता. मग स्वतःच तिला एस्टीवर सोडायला गेला. पिशवीत नारळ घालून."

इतक्यात आमच्या घरातून किंकाळी आली. धाकट्यानं थोरलीचा रंगीत पेन्सिलींचा डबा पळवला होता. सवयीनं माझ्या तोंडून निघालंच, "अगं, तू मोठी ना? दे त्याला!"

काकू फिसकन हसल्या. "बघ. हक्कसोडपत्राची तालीम तिसरीतच सुरू. पोरीनं डबा सोडायचा, मग खिडकीची जागा, मग विहिरीतला हिस्सा. आणि पोराला वाटतं, ताईनं सोडायचंच असतं. त्याचा तरी काय दोष? आपणच शिकवलं."

मी आत गेले आणि डबा थोरलीच्या हातात दिला. धाकट्याला म्हटलं, तिला विचार, दिली तर घे. तिनं हिरवी आणि तपकिरी दिली. लाल दिली नाही. तिची मर्जी.

तर मंडळी, घरात जमीनजुमला असेल तर आईवडिलांनी हातीपायी धड असतानाच मुलांना समोर बसवून बोलावं. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साधा कागद, आपली सही आणि दोन साक्षीदार पुरतात. भावांनी बहिणीकडे मागायचं ते उघडपणे मागावं, सणाच्या दिवशी नव्हे. आणि बहिणींनो, हक्क खुशाल सोडा, पण चष्मा लावून, शेवटच्या पानापर्यंत वाचून. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.