सेमी म्हणजे कोण?

बंदुकीच्या जगात 'सेमी-ऑटोमॅटिक'बद्दल घोळ नाही. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. रिकामं काडतूस बाहेर टाकणं, नवं आत ओढणं हे बंदूक आपलं आपण उरकते. माणसाला काम काय, तर एक बोट हलवणं. आमच्या वॉशिंग मशीनवरही हाच शब्द छापलाय, पण वाटणी उलटी झालीय. गरगर फिरायचं मशीनने, बाकी सगळं आईने.

पाणी आईने ओतायचं, पावडर आईने टाकायची. बटण पिळलं की तळातली चकती पंधरा मिनिटं कधी इकडे, कधी तिकडे फिरते आणि मग काही मोठं केल्याच्या थाटात ठणाणा करते. पुढे कपडे बादलीत खळबळायचे, निथळत्या चादरी उचलून शेजारच्या ड्रायरमध्ये कोंबायच्या, वर प्लॅस्टिकची जाळी दाबायची. कपड्यांचा भार एका बाजूला गेला, की अंगात आल्यासारखं थरथरत मशीन मोरीच्या दाराकडे निघतं. तेव्हा त्याला कवटाळून उभं राहणं हेही 'सेमी'तच मोडतं. माहितीपुस्तिकेत हा भाग नाही.

तरीही दुकानदाराने फुल्ली ऑटोमॅटिक दाखवलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "नळ कोरडा असला तर?" तो रंगांबद्दल बोलू लागला. आमच्याकडे पाणी दिवसाआड, तेही पहाटे. पिंपातून बादलीने ओतलेलं पाणी सेमीला निमूट चालतं.

शिवाय ते दुसरं मशीन साबणाचं पाणी कुणाला न विचारता गटारात सोडतं. आईच्या लेखी हा गुन्हा. आमच्याकडे त्या पाण्यात आधी बाबांचे पांढरे सदरे, मग रंगीत कपडे, मग माझ्या जीन्स आणि शेवटी पायपुसणी. त्यानंतरचं काळं पाणीही पाइप बादलीत सोडून धरायचं, मोरी घासायला. मोरी घासून उरलंच, तर जिना. हे सगळं मशीनला शिकवायला कुठला इंजिनिअर येणार?

परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं फुल्ली ऑटोमॅटिक पाण्याअभावी मध्येच थांबलं. ठिबकणाऱ्या कपड्यांची बादली घेऊन त्या दारात.

"काकू, ड्रायर मोकळाय का?"

"मोकळाच आहे. पण चादरी आहेत ना? मग धरायला कुणीतरी लागेल," आई म्हणाली, आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं.