आठवण नव्हे, आमटी!

वृद्धाश्रमाच्या पंगतीत एखाद्या आजीला ठसका लागला की शेजारची हमखास म्हणते, "मुलाने आठवण काढली असेल हो!" मुलाच्या मायेचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही. फोन महिन्यातून एकदा, ठसका दिवसातून दोनदा. म्हणजे परदेशातला तो मुलगा रोज नेमका आईच्या जेवणाच्या वेळीच व्याकूळ होतो म्हणायचा.

मुलगा तेव्हा तिकडे घोरत असतो. घोटाळा आमटीने केलेला असतो. अन्ननलिकेत जायचं सोडून ती श्वासनलिकेकडे वळलेली असते.

यावर आपला घराघरातला उपचार ठरलेला: "वर बघा, वर बघा!" डोक्यावर टपली आणि वर पेलाभर पाणी. टपली निरुपद्रवी आहे, बाकीच्या दोन्ही गोष्टी उलट्या. मान मागे टाकली की श्वासनलिकेची वाट आणखी मोकळी होते. आणि ज्याचा घसा मंदावलाय त्याला पाणीच बहुधा सगळ्यात अवघड जातं. घसा बंदोबस्त करेपर्यंत ते आत पोचलेलंही असतं. मऊ भात नीट खाणारे आजोबा पाण्याच्या घोटाला खोकतात ते म्हणूनच. घाईमुळे नव्हे आणि नाटक म्हणून तर नव्हेच.

गिळणं आपण जन्मभर फुकट वापरतो, त्यामुळे त्याची कदर नाही. जिभेने घास मागे ढकलायचा, श्वास क्षणभर थांबवायचा, कंठ वर उचलायचा, श्वासनलिका झाकायची, अन्ननलिकेचं तोंड उघडायचं. घास घशात पोचल्यावरचं हे सगळं काम साधारण सेकंदाभराचं. वय वाढलं की मांड्यांबरोबर जीभही अशक्त होते. त्यात पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, सैल कवळी, तोंड कोरडं पाडणाऱ्या गोळ्या. काहींना तर ठसकाही लागत नाही. घासातला थोडा भाग गुपचूप फुफ्फुसात उतरतो. मग ताप, मग न्यूमोनिया, मग सगळ्यांच्या तोंडी एकच निदान: "वय झालं होतं."

गुडघ्यांचं नशीब मात्र थोर. कुठल्याही बऱ्यापैकी वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक उघडा. योगासनं, फिजिओथेरपी, हास्यक्लब, भजन, जनरेटर, सगळं आहे. गिळण्याच्या व्यायामाची ओळ शोधून दाखवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असं सांगितलं. डोक्यावर छप्पर आलं, समोर ताट आलं. ताटातलं घशाखाली कसं उतरतं हे बघणं मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

जपानमध्ये अनेक वृद्धनिवासांत जेवणाआधी सगळे आजी-आजोबा एका सुरात ओरडतात: पा, ता, का, रा! 'पा'ला ओठ मिटतात, 'ता'ला जिभेचं टोक वर जातं, 'का'ला जिभेचा मागचा भाग उचलला जातो, 'रा'ला जीभ वळते. जोडीला गाल फुगवणं, जीभ बाहेर काढून डावी-उजवीकडे नेणं, मान हलकेच फिरवणं. पाच-दहा मिनिटांचा मामला, यंत्र शून्य, खर्च शून्य. आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणायची रीत आहेच. त्याला शेपूट म्हणून हे जोडायला कुठल्या समितीची मंजुरी लागते? पोरांना कच्च्या-पक्क्या पापडाचं वाक्य भरभर म्हणायला लावून आपण पोट धरून हसतो. तोच खेळ आजोबांकडून करून घेतला तर संस्कृती बुडणार नाही.

खास व्यायामही आहेत. अमेरिकेत मिलवॉकीच्या रेझा शेकर यांनी १९९७ साली मांडलेला व्यायाम असा: उताणं झोपायचं, खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायांची बोटं बघायची. एकेक मिनिट तीनदा, मध्ये विश्रांती, मग लागोपाठ तीस वेळा. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. कंठ वर ओढणारे स्नायू यात कामाला लागतात. हे झेपत नसेल तर बसून हनुवटीखाली मऊ चेंडू किंवा टॉवेलची गुंडाळी दाबायची. जीभ टाळूला जोरात टेकवून धरायची. आवंढा जोर लावून गिळायचा. मात्र हे वाचून शेकरांचा व्यायाम उद्यापासून सरसकट सुरू करू नका. मानेचा त्रास असलेल्याला तो चालत नाही. कुणाला काय द्यायचं हे आधी स्पीच थेरपिस्टने गिळणं तपासून ठरवायचं. हो, स्पीच थेरपिस्टनेच. हा माणूस फक्त तोतरेपणा घालवतो ही आपली आणखी एक समजूत.

आणि व्यायाम सकाळी करून संध्याकाळी काय चालतं तेही बघा. साडेसातची वेळ. खाटेवर आजी, डोक्याखाली एकच उशी. मावशीच्या हातात वरणभाताची स्टीलची वाटी, नजर पुढच्या खाटेवर. "आजी, आ करा." पहिला घास गालातच आहे तोवर दुसरा चमचा ओठांशी. शेवटी दोन गोळ्या, वर पाणी, उशी सरळ, दिवा बंद. मावशीवर डाफरून काही होणार नाही. तिला अजून चार खाटा उरकायच्या आहेत आणि तिला हे कुणी शिकवलेलंच नाही. शिकवायला एक दुपार पुरते. आजीला ताठ बसवा. चमचा लहान घ्या. गळ्याकडे बघा: कंठ वर जाऊन खाली आला की मगच पुढचा घास. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

मग तोंड धुवा. नुसती चूळ नव्हे, दात आणि जीभ घासायची, कवळी काढून स्वच्छ करायची. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं चाललेला अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दर जेवणानंतर ज्यांचे दात घासून दिले त्यांच्यातल्या ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. ज्यांच्याकडे असं लक्ष दिलं गेलं नाही त्यांच्यातल्या १९ टक्क्यांना. तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात, हे त्यामागचं साधं कारण. टूथब्रशची किंमत तुम्हाला ठाऊक आहे.

आता दात्यांकडे वळू. वाढदिवसाला, आईच्या वर्षश्राद्धाला आपण वृद्धाश्रमात जातो. जिलेबी, कडक बुंदीचा लाडू, बॅनर. फोटोसाठी बिनदाताच्या आजोबांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबतो आणि "इकडे बघा, हसा" म्हणतो. तोंडात घास असताना हसायला लावणं ही गिळण्याची परीक्षा आहे. ती आजोबांनी द्यावी आणि पुण्य आपल्या खात्यात जमा व्हावं, असा हा व्यवहार.

पुढच्या वेळी मिठाईचे पैसे वाचवा आणि त्यातून स्पीच थेरपिस्टची एक भेट ठरवून द्या. व्यवस्थापकांना तीन प्रश्न विचारा. जेवताना कोण खोकतं याची नोंद ठेवता का? जेवण भरवताना बसवता का? जेवल्यावर तोंड कोण धुतं? तिन्ही उत्तरं मिळाली तर देणगी दुप्पट करा. "वय झालं की असं व्हायचंच" हे उत्तर मिळालं, तर तुमच्या आईचं नाव तिथे नोंदवू नका.